अस्तर

नळीच्या आतून हात फिरवता येत नाही.
एर्मेसला हेच पटत नाही मुळी.
चाळीस हिवाळे त्याने डुकरांची आतडी उलटी केली,
व्हिनेगरने, संत्र्याच्या सालींनी धुतली,
बोटावर चढवून उजेडाला धरली.
"आतून हात फिरला नाही,
तर काम झालं हे कळतं कशावरून?"

कळतं, बाबा. रंगावरून.

मिरांदोलाच्या बाहेर, पेअरच्या बागा संपतात तिथे
आमचा कारखाना.
केसांवर टोपी, टोपीवर टोपी, बुटांवर मोजे;
नोव्हेंबरचं धुकं दाराशीच झटकून आत जायचं.
काचेपलीकडे नळ्यांची वेटोळी,
आणि श्वास पुरवणारी ती पेटी,
जिच्यात केसासारखे हजारो पोकळ धागे.
कुठेतरी कुणाचं हृदय तासभर थांबवतील
तेव्हा त्याचं रक्त इथून फेरी मारायला निघेल
आणि परत घरी जाईल,
काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने.
निदान तसं ठरलेलं असतं.

रक्ताला फसवणं सोपं नाही.
कातडीबाहेर पाऊल पडलं की ते आधी भिंत चाचपतं.
काच, पोलाद, प्लास्टिक,
काहीही परकं लागलं की हाकाटी करतं,
सगळ्या भावकीला गोळा करतं,
आणि जागच्या जागी विरजतं.
म्हणून आम्ही भिंतीला लेप देतो,
इतका पातळ की त्याला जाडी म्हणायला जीभ रेटत नाही.
हेपरिनचा.

ते कशातून काढतात हे मी बारा वर्षं घरी सांगितलं नव्हतं.
सांगितलं या नाताळाच्या आधी,
तो कढईत चरबीचे तुकडे तळत होता तेव्हा.
डुकराच्या आतड्यातून, बाबा.
आतल्या बुळबुळीत थरातून.
तू खरवडून टाकायचास तो.

डाव थांबला. चरबी तडतडत राहिली.
"टाकायचो," तो म्हणाला. "नाल्यात."
मग बऱ्याच वेळाने:
"बादल्याच्या बादल्या."

दर घाण्यातली एक नळी आम्ही मारतो.
उभी चिरायची, निळ्या रंगात बुडवायची.
लेप बसलाय तिथे निळ्याचा जांभळा होतो,
चुकलाय तिथे प्लास्टिक कोरडं, निर्लज्ज, फिकट.
गेल्या मंगळवारी असा एक डाग निघाला,
करंगळीच्या नखाएवढा.
दोनशे दहा नळ्या.
ट्रक फाटकात उभा, ड्रायव्हर दुसरी कॉफी पीत होता.
तेरेझीने डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि सही केली, 'बाद'च्या रकान्यात.
भूकंपाच्या वर्षी तंबूत टेबलं मांडून काम केलेली बाई ती;
भेग सुरू होते तेव्हा केवढी असते
हे तिला कुणी सांगावं?

बाद माल घरी नेऊ नये असा नियम आहे.
गावात टोमॅटोची रोपं कशाने बांधतात
ते बघा, आणि गप्प बसा.

रविवारी एर्मेसने माझ्या पिशवीतून मीटरभर नळी ओढली.
एक टोक बुधल्यात, एक तोंडात,
गाल आत गेले,
आणि लांब्रुस्को वर चढला, वळला, उतरला,
फेसाळ, जांभळा,
आमच्या चाचणीत पास झाल्यासारखा.
वाइनला कसला आलाय आपपरभाव,
ती कुठूनही जाते.

"हिच्यातून कुणाचं गेलं नाही ना?"
नाही.
"गेलं असतं तर?"
मी बाटल्यांना बुचं लावत राहिले.

मग त्याने नळी पाण्याखाली धरली,
आणि नंतर उजेडाला, जुन्या सवयीने.
बोटावर चढेना, म्हणून नखाने टिचकी मारली.
आतला ओघळ सरळ खाली आला, एकसंध,
जसा ओल्या काचेवरून येतो,
आणि एका जागी फाटला.
थेंब होऊन थबकला.

एर्मेसने चष्मा कपाळावर सरकवला.
"इथे," तो म्हणाला.
आणि अंगठा ठेवला त्यावर,
बाहेरून.